मदतनिसाचे हात



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला माझ्या भाषणाचा विषय विचारला, तेव्हा मी सांगितले, "दातांच्या दवाखान्यातील मदतनीस आणि त्यांची संरक्षक साधने." ते क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, आदल्या दिवशी ज्ञानेश्वरीवर व्याख्यान आहे, दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्पावर. मध्येच हातमोजे?" मी म्हटले, "हो, मध्येच हातमोजे." त्यांनी मोठ्या मनाने विषय मान्य केला आणि आपणही एवढ्या उकाड्यात ऐकायला आला आहात, याबद्दल मी दोघांचाही ऋणी आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण कधी ना कधी दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेले असतील. तेथे बसले की माणसाची नजर एकतर छताकडे असते, नाहीतर डॉक्टरांच्या हातातील अवजाराकडे. पण आपल्या डाव्या बाजूला आणखी एक व्यक्ती बसलेली असते. तोंडातले पाणी ओढून घेणारी नळी तिच्या हातात असते. डॉक्टरांनी हात पुढे केला की न मागता हवे ते अवजार ती त्यांच्या हातात ठेवते. आपण गेल्यावर रक्ताने, लाळेने माखलेली ती अवजारे उचलते, धुते, पुढच्या रुग्णासाठी खुर्ची पुसून ठेवते. डॉक्टरांचे नाव आपल्याला ठाऊक असते, पाटीवरच असते ते. तिचे नाव मात्र आपण विचारलेले नसते. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

ती कोण असते? आपल्या गावात तरी बहुधा बारावी झालेली, घराला हातभार लावायला निघालेली मुलगी असते. शिक्षण? पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतात तेवढे, आणि पुढे बघून बघून येते तेवढे. १९४८ साली आपल्या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा तिघांची व्याख्या होती, तिघांच्या नोंदणीची तरतूद होती. खुर्चीशेजारच्या या चौथ्या माणसाचा त्यात उल्लेख नव्हता. ज्याचे नाव कायद्यात नाही, त्याच्या संरक्षणाची आठवण तरी कोणाला व्हावी?

आता तिला धोका तो कसला, हे पाहू. दात कोरण्याचे यंत्र पूर्वी पायाने चालवीत, पुढे विजेच्या पट्ट्यावर चालवू लागले. १९५७ साली अमेरिकेत हवेच्या दाबावर फिरणारे यंत्र बाजारात आले. आम्ही त्याला एअररोटर म्हणतो. त्याचे टोक मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून टोकावर पाण्याची धार सोडावी लागते. या धारेचे काय होते? सायकल चिखलातून वेगाने नेली म्हणजे मागच्याच्या सदऱ्याचे जे होते, तेच. पाणी, लाळ, रक्त आणि दाताची भुकटी यांचे तुषार उडतात. मोठे थेंब हातभर अंतरात खाली पडतात. बारीक असतात ते काही काळ हवेत तरंगत राहतात. त्या वेळी मदतनिसाचे तोंड रुग्णाच्या तोंडापासून किती दूर असते? फूट-दीड फूट. तेथून दूर बसून तिला कामच करता येत नाही.

दुसरा धोका टोचण्याचा. भूल देण्याची सुई, दात खरवडण्याची अणकुचीदार अवजारे, यांना रुग्णाचे रक्त लागलेले असते. ती डॉक्टरांच्या हातात मिनिटभर असतात, पण वेचणे, धुणे, पुसणे, मांडणे हे सगळे मदतनिसाच्या हातून होते. 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. ज्याने लस घेतलेली नाही अशा माणसाला या विषाणूने दूषित झालेली सुई टोचली, तर लागण होण्याचा संभव शंभरात ६ पासून ३० पर्यंत असतो. एचआयव्हीच्या बाबतीत तोच संभव हजारात सुमारे तीन इतका आहे. आपण सारे एड्सच्या नावाने दचकतो. पण सुई टोचली असता अधिक भ्यावयाचे ते या काविळीला, हे फार थोड्यांना माहीत असते.

श्रोतेहो, येथे थोडा इतिहास सांगतो. कारण हातमोज्यांचा इतिहासच मुळी एका मदतनिसाच्या हातांपासून सुरू होतो.

१८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड नावाचे शल्यवैद्य होते. शस्त्रक्रियेपूर्वी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या एका जहाल क्षाराच्या पाण्यात बुडविण्याची तेव्हा पद्धत होती. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील मुख्य परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांना हे पाणी सोसेना. कातडीला दाह होई, पुरळ येई. आता हे काम सोडावे लागणार, अशी वेळ आली. तेव्हा हॉलस्टेडनी त्यांच्या हातांचे साचे घेऊन गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड करवून घेतले. ते कामाला उत्तम आले. पुढे १८९० सालीच त्या दोघांचा विवाह झाला, म्हणून ही हकिगत एक गोड प्रेमकथा म्हणून सांगण्यात येते.

मला मात्र तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते हातमोजे रुग्णासाठी नव्हते, शल्यवैद्यासाठी नव्हते. अवजारे देणाऱ्या मदतनिसाचे हात वाचावेत म्हणून ते निर्माण झाले. आणि गंमत पाहा. पुढची पाच-सहा वर्षे मदतनीस हातमोजे घालीत राहिले आणि खुद्द शल्यवैद्यांनी ते नेमाने वापरावेत हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. १८९६ च्या सुमारास ब्लडगुड या त्यांच्या शिष्याने प्रत्येक शस्त्रक्रियेत हातमोजे वापरावयास प्रारंभ केला आणि जखमा चिघळण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. मदतनिसाला जपायला निघालेले साधन शेवटी रुग्णाला वाचवते, हे तेव्हा सिद्ध झाले.

दुसरी कथा इतकी गोड नाही. १८९५ च्या नोव्हेंबरात रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. दोनच महिन्यांनी जर्मनीत ऑटो वॉकहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी ते पंचवीस मिनिटे किरणांखाली पडून राहिले होते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे दंतवैद्य या विद्येचे आद्य पुरस्कर्ते. दातांच्या दवाखान्यात स्त्री मदतनीस नेमण्याची चाल पाडणाऱ्यांत याच केल्स यांचे नाव घेतात. दवाखान्यात एक बाई हजर आहे म्हटल्यावर स्त्रिया एकट्यादुकट्या उपचाराला येऊ लागल्या. हे केल्स वर्षानुवर्षे यंत्राची जुळवाजुळव आपला हात किरणांत धरून करीत. बोटे गेली, मग हात गेला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८ साली त्या यातनांना कंटाळून त्यांनी आपल्या हाताने आयुष्य संपविले. एडिसन यांचे मदतनीस क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या नळ्या स्वतःच्या हातांवर पारखून पाहत. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली ते वारले. एडिसन यांनी त्यानंतर क्ष-किरणांचा नाद सोडला. पण हात गेले ते मदतनिसाचे.

बॉस्टनचे विल्यम रोलिन्स नावाचे एक दंतवैद्य मात्र त्याच काळात कळकळीने सांगत होते की, यंत्राला शिशाचे आवरण घाला, या किरणांनी प्राणी मरतात हे मी प्रयोगाने पाहिले आहे. त्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे फारसे कोणी मनावर घेतले नाही. ज्ञान असणे आणि ज्ञान वापरणे यांत केवढे अंतर असते, ते यावरून दिसेल.

तेच अंतर दंतवैद्यकात हातमोज्यांच्या बाबतीत पडले. शल्यवैद्यांनी हातमोजे स्वीकारल्यानंतर जवळजवळ पाऊण शतक बहुसंख्य दंतवैद्य उघड्या हातांनी रुग्णाच्या तोंडात काम करीत राहिले. मोज्याने बोटांची जाण जाते, असे कारण सांगत. ब्लुम्बर्ग यांनी 'बी' काविळीच्या विषाणूचा माग काढला, त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, पुढे रक्ताच्या तपासण्या होऊ लागल्या. तेव्हा दिसून आले की, सर्वसाधारण लोकांपेक्षा दंतवैद्यांमध्ये ही लागण कितीतरी अधिक आहे. मग एड्सचे भय आले. १९८६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यकासाठी नियम प्रसिद्ध केले आणि १९९१ साली तेथे कायद्यानेच ठरले की, हातमोजे, मास्क, चष्मा आणि झगा ही साधने मालकाने स्वतःच्या खर्चाने कामगाराला पुरवावीत, आणि काविळीची लसही फुकट द्यावी. मालकाने, स्वतःच्या खर्चाने. या दोन शब्दांवर मी पुन्हा येणार आहे.

बंधुभगिनींनो, इथवर मी दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक माझी सांगतो. ती सांगावयास मला संकोच वाटतो, पण ती वगळली तर हे व्याख्यान देण्याचा मला अधिकार उरत नाही.

२००९ सालची गोष्ट. माझ्या दवाखान्यात बावीस वर्षांची एक मुलगी दोन वर्षांपासून काम करीत होती. हुशार, हसतमुख, हाताची फार चलाख. मी स्वतः महाविद्यालयात असतानाच काविळीची लस घेतलेली होती. रुग्णाला हात लावताना मी हातमोजे घालीत असे, तीही घाली. पण संध्याकाळी अवजारे धुवायची वेळ आली की ती मोजे काढून टाकी. कारण एकदा मीच म्हणालो होतो की, मोजे जपून वापरा, फार लागतात. ती अवजारे घरची भांडी घासावीत तशी उघड्या हातांनी घाशी. मी ते रोज पाहत होतो. पाहूनही मला काही दिसत नव्हते.

एका सकाळी ती आपल्या आईबरोबर आली. आईच बोलली, "डॉक्टर, परवा रात्री हिच्या बोटात ते टोकदार काहीतरी गेलं. रक्त आलं होतं. ही सांगायलाच तयार नव्हती." मी तिला विचारले, "अगं, त्याच वेळी का नाही बोललीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही रागवाल असं वाटलं. आणि पुढच्या आठवड्यात पाहुणे बघायला येणार आहेत. रक्त तपासायला गेले तर गावात काय बोलतील?"

मी काय उत्तर देणार? ते अवजार कोणत्या रुग्णाचे, हे सांगता येत नव्हते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे टोचल्यापासून ७२ तासांच्या आत, आणि खरे म्हणजे पहिल्या दोन तासांत, सुरू करावयाची असतात. मुदत संपत आली होती. तिला घेऊन मी जिल्ह्याच्या गावी गेलो. तेथील डॉक्टरांनी सारी चौकशी करून औषधे सुरू केली. काविळीवरची लस आणि प्रतिद्रव्याचे इंजेक्शन त्याच दिवशी दिले. अठ्ठावीस दिवस ती गोळ्या घेत होती, तिला मळमळत असे, आणि तरीही ती कामावर येत असे. सहा महिने तपासण्या चालल्या. अखेरची तपासणीही निर्दोष निघाली. पण पाहुण्यांचे ते स्थळ मात्र गेले. कोणी काय सांगितले, देव जाणे.

त्या सहा महिन्यांत मी एक हिशेब मांडला. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने ही लस भारतातच तयार केली आणि तिची किंमत पुष्कळच खाली आली. तिच्या तीन टोचण्यांना मिळून जो खर्च आला असता, तो मी एका दाताच्या रूटकॅनॉलसाठी घेत असलेल्या पैशांचा लहानसा भाग होता. मी ते केले नाही. पैशाअभावी नव्हे, सुचलेच नाही. तिचे हात हे माझ्या दवाखान्याचे हात आहेत, हे मी ओळखले नव्हते.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात जे नियम आहेत, ते थोडक्यात सांगतो. कामाच्या पहिल्या दिवसापूर्वी लस. ती तीन वेळा घ्यावयाची. पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. शेवटच्या टोचणीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिकारशक्ती आली की नाही, हे तपासून पाहावयाचे. आपल्या देशात बालकांसाठी ही लस सर्वत्र सुरू झाली ती २०११ साली. तेव्हा आज कामाला लागणाऱ्या तरुण मुलींपैकी पुष्कळांना ती लहानपणी मिळालेली नसते.

रुग्णाजवळ बसताना पातळ हातमोजे, दर रुग्णाला नवे. ते धुऊन पुन्हा वापरावयाचे नाहीत, कारण साबणाने त्यांत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. मोजे घालण्यापूर्वी हात धुवावयाचे आणि काढल्यावरही. अवजारे धुताना मात्र पातळ मोजे उपयोगाचे नाहीत. तेथे जाड रबरी, मनगटाच्या वरपर्यंत येणारे मोजे आणि लांब दांड्याचा ब्रश हवा. सुईवर टोपण दोन्ही हातांनी बसवावयाचे नाही. टोपण खाली ठेवून एकाच हाताने सुईने ते उचलावयाचे. वापरलेली सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, मास्क पिवळ्या पिशवीत, हे २०१६ सालच्या नियमांनी ठरवूनच दिले आहे.

नाक-तोंड झाकणारा मास्क दर रुग्णाला बदलावा, आणि ओला झाला तर मध्येच बदलावा. ओला मास्क म्हणजे भिजलेली छत्री. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा किंवा चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल असावी. ढाल असली तरी मास्क हवाच. दातात भरलेला मसाला कडक करणारा निळा दिवा बहुधा मदतनीसच धरते, त्यासाठी नारिंगी काच वेगळी. क्ष-किरणांच्या वेळी तिने यंत्रापासून निदान सहा फूट दूर किंवा आडोशाला उभे राहावे, आणि रुग्णाच्या तोंडातील फिल्म आपल्या बोटाने कधीही धरू नये. रुग्णाच्या अंगावर शिशाचे एप्रन घालण्याची आता गरज नाही, असे अमेरिकन दंतवैद्य संघटनेने २०२४ साली सांगितले आहे. परंतु केल्स यांच्या बोटांनी शिकविलेला हा नियम काही बदललेला नाही.

आणि ही साधने काढण्यालाही क्रम असतो. आधी हातमोजे, मग चष्मा, मग झगा, शेवटी मास्क. आणि मग साबणाने हात. बाहेरून येताना आपण आधी वहाणा काढतो आणि मग पाय धुतो, त्यातलाच हा प्रकार आहे. सर्वांत अधिक मळलेले ते सर्वांत आधी काढावे.

इतके करूनही टोचलेच तर? जखम साबणपाण्याने धुवावी. दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये. आणि त्याच क्षणी सांगावे. हा शेवटचा नियम कागदावर लिहून भिंतीला लावता येतो, पण तो पाळला जाईल की नाही हे त्या भिंतीवर अवलंबून नसते. आपण सांगितले तर डॉक्टर रागावणार नाहीत, ही खात्री तिला असली पाहिजे. हे संरक्षण कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप उकाड्याचा. एप्रिल-मेच्या दिवसांत झगा, मास्क आणि ढाल घालून चार तास बसणे ही शिक्षा आहे, हे खरे. २०२० साली कोरोनाच्या साथीत 'पीपीई किट' हा शब्द घराघरांत पोचला, तेव्हा त्या पोशाखात घामाने निथळणारे लोक आपण चित्रांत पाहिलेच. याला उपाय काम थांबवून विश्रांती देण्याचा आहे. दोन रुग्णांमध्ये दहा मिनिटे पंख्याखाली बसू द्यावे, पाणी पिऊ द्यावे. शिवाय तुषार मुळातच कमी करता येतात. १८६४ साली न्यू यॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावण्याची युक्ती काढली. ती आजही उत्तम आहे. आणि जोरदार ओढीची सक्शनची नळी तोंडाशी नीट धरली, तर उडणाऱ्या तुषारांतील फार मोठा भाग जागच्या जागी ओढला जातो. ती नळी कोणाच्या हातात असते? तिच्याच. म्हणजे त्या खोलीतील हवा डॉक्टरांसाठी, रुग्णासाठी आणि दाराबाहेर वाट पाहणाऱ्यांसाठी राखण्याचे काम ती करीत असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. खर्च आहे, आणि तो रोजचा आहे. पण तो कोणी सोसावयाचा? मालकाने, कारण त्या कामाचा नफा मालकाला मिळतो. काही ठिकाणी मास्कचे पैसे मुलीच्या पगारातून कापले जातात, असे कानावर येते तेव्हा मला लाज वाटते. आपण शेतावर फवारणी करणाऱ्या गड्याला तोंड बांधायला फडके देतो, त्याचे पैसे त्याच्या मजुरीतून कापतो का?

आणि शेवटी आपण, म्हणजे रुग्ण. आपल्यालाही तीन गोष्टी करता येतील. पहिली, आपल्याला काय आजार आहे, ते डॉक्टरांना खरे सांगा. मुळात साधने सर्वच रुग्णांसाठी सारखी वापरावयाची असतात, कारण चेहरा पाहून कोणाच्या रक्तात काय आहे ते कळत नाही. तरी खरे सांगितल्याने उपचार नीट होतो. दुसरी, मदतनिसाने हातमोजे, मास्क, चष्मा घातला म्हणजे ती आपल्याला अस्पृश्य समजते, असा गैरसमज करून घेऊ नका. तिसरी सर्वांत सोपी आहे. पुढच्या खेपेला खुर्चीत बसाल तेव्हा डॉक्टरांना सहज विचारा, "डॉक्टर, या ताईंची लस झाली आहे ना?" डॉक्टर पहिल्यांदा चमकतील. पण दहा रुग्णांनी हे विचारले तर अकराव्याच्या आधी लस झालेली असेल. मला २००९ सालापूर्वी कोणी हे विचारले असते, तर मी त्याचे आजन्म उपकार मानले असते.

आणि हे विचारताना त्या ताईंचे नावही विचारा.